सायकलला गिअर आवश्यक आहेत किंवा कसे

आमच्या कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत आणि ती मला तिथेच काढायची आहेत. एवढं सांगतो, की कार्यालय जळगावात आहे, भांडार धुळ्यात आहे आणि काम दोन्ही जिल्ह्यांच्या डोंगरातल्या पाड्यांवर आहे. म्हणजे माणसं एका ठिकाणी, सामान दुसऱ्या ठिकाणी आणि गरज तिसऱ्या ठिकाणी. ही मांडणी कोणीतरी नीट विचार करून केली असणार. योगायोगाने इतकं जमत नाही.

मी तिथे वरिष्ठ सहायक आहे. नाव लोटन भामरे. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं, आणि चालण्याचा मला मुळातच कंटाळा असल्यामुळे मी सायकल घेतली. साधी, अठरा गिअरची, हँडलवर अंगठ्याने ढकलायच्या दोन दांड्या असलेली. अठरापैकी मी दोन गिअर वापरत होतो. पिंप्राळ्याहून येताना रेल्वेचा पूल चढायला एक आणि बाकीच्या सपाट जळगावसाठी एक. उरलेले सोळा नवेकोरे राहिले. त्यांची आठवण झाली की कपाटातल्या लग्नाच्या सुटाबद्दल वाटतं तसं वाटायचं. पण तक्रार काही नव्हती. साखर उतरली होती, पँटी सैल झाल्या होत्या, आणि ऑफिसात पेट्रोलच्या भावावर चर्चा सुरू झाली की मी काही न बोलता नुसता हसायचो. हे हसणंच मला भोवलं, असं ज्योत्स्नाचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं, मत आहे.

आमच्या खात्याच्या चाळीस बायका पाड्यांवर औषधं पोचवतात. उपकेंद्रातून गोळ्यांची पाकिटं घ्यायची, चढून वर जायचं, तापाच्या माणसाचं रक्त काचेवर घ्यायचं आणि ती काच संध्याकाळच्या आत खाली आणायची. सगळं पायी. त्यांना सायकली द्याव्यात असा प्रस्ताव आला. चांगला प्रस्ताव होता. मी स्वतः त्याला टॅग बांधला होता. तो साहेबांच्या टेबलावर असताना साहेब खिडकीपाशी गेले आणि त्याच क्षणी मी फाटकातून सायकलवर आत आलो. पाच मिनिटं उशीर झाला असता तर पुढचं काही घडलं नसतं. वक्तशीरपणाबद्दल लहानपणापासून आपल्याला चुकीचं शिकवलं जातं.

साहेबांनी फाईलवर हिरव्या शाईत लिहिलं, ‘सदर सायकलींना गिअर आवश्यक आहेत किंवा कसे याबाबत श्री. भामरे यांनी स्वयंस्पष्ट अभिप्राय द्यावा. त्यांना सायकलचे ज्ञान आहे.’ माझ्याबद्दल ‘ज्ञान आहे’ असं कोणी लेखी देण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मी त्या शेऱ्याची झेरॉक्स काढून घरी नेली. ज्योत्स्नाने ती चष्मा लावून वाचली आणि मागच्या महिन्यात चेन पडल्यावर मी सायकल हातात धरून दीड किलोमीटर चालत आलो होतो, त्याची चौकशी केली.

अभिप्राय मी तीन ओळींत दिला. रस्ता चढाचा असल्याने गिअर असावेत. साधे सहा-सात पुरेत. त्याहून अधिकची गरज दिसत नाही. आजही माझं तेच मत आहे. त्या तीन ओळींवर सही झाली असती तर हे सगळं तिथेच संपलं असतं. पण सरकारी कामात तीन ओळींचं मत म्हणजे कपडे न घालता समारंभाला जाण्यासारखं आहे. फाईल परत आली. ‘अभिप्रायात आधुनिक तंत्रज्ञानाचा विचार झालेला दिसत नाही. फेरसादर.’ चौकशी केल्यावर कळलं, की साहेब पुण्याला भाच्याकडे गेले असताना त्यांनी बटणावर गिअर पडणारी सायकल पाहिली होती. वायर नाही, दांडी नाही. बटण दाबलं की मागे किर्र असा बारीक आवाज होतो आणि चेन आपली आपण दुसऱ्या चकतीवर जाऊन बसते. साहेबांच्या मनावर त्या आवाजाचा परिणाम झाला होता.

माझ्या दुर्दैवाने तशी सायकल जळगावात माझ्याच शेजारी निघाली.

शेजारचे अभयकुमार डाळीचे व्यापारी. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आले, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांची सायकल दिवाणखान्यात, शोकेसच्या शेजारी उभी असते आणि तिच्याखाली चटई असते. मी जरा माहिती हवी होती एवढंच म्हणालो. त्यांनी मला तीन संध्याकाळी माहिती दिली. मागे बारा चकत्या. त्यातल्या सगळ्यात लहान चकतीला इतके दाते, सगळ्यात मोठीला इतके. गिअर पडायला लागणारा वेळ विचार करायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी. मागच्या गिअरला काडेपेटीएवढी बॅटरी बसते. ती रोज रात्री काढून चार्जिंगला लावायची. मोबाईलमध्ये सगळा हिशेब दिसतो. गेल्या महिन्यात आपण चार हजार दोनशे वेळा गिअर बदलला, असं त्यांनी मला मोबाईल दाखवून सांगितलं. ते रोज सकाळी जामनेरच्या रस्त्याला वीस किलोमीटर जातात आणि येतात. तो रस्ता मला माहीत आहे. त्यात चार हजार दोनशे वेळा विचार बदलावा असं काही नाही. पण मी चहा त्यांचा पीत होतो.

त्यांच्या आई हीराबाई तिथेच जपाची माळ घेऊन बसायच्या. त्यांची शंका वेगळी होती. मुलगा रोज पहाटे जामनेरकडे जातो आणि हात हलवत परत येतो. ना माल नेतो, ना माल आणतो. मग लवकर जाऊन तरी काय मिळतं, असं त्यांनी मला हळू आवाजात विचारलं. सगळ्या प्रकरणात तेवढाच एक मुद्दा नेमका होता. तो टिपणीत घ्यायला हवा होता.

दुसरी बाजूही समजून घ्यावी म्हणून मी झुलालनानांकडे गेलो. रेल्वेपुलाखाली त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पंचेचाळीस वर्षांपासून. नानांनी बटणाच्या गिअरची हकिगत चाकाच्या तारा कसत ऐकून घेतली. त्यांचं म्हणणं असं पडलं, की गिअर ही सायकल विकणाऱ्याची गरज आहे, चालवणाऱ्याची नाही. चढ असेल तर मागे जास्त दात्यांची मोठी फ्रीव्हील बसवावी, सायकल हळू चालते पण चढते, आणि मोडण्यासारखं तिच्यात काही राहत नाही. त्यांनी मधला आडवा दांडा नसलेली एक काळी लेडीज सायकल तशी करूनही दिली. हे बोलता बोलता त्यांनी माझ्या सायकलची चेन बघितली, तेलाची बुधली आणली आणि मला बाजूला केलं. माझ्या ज्ञानाच्या झेरॉक्सवर तेलाचा डाग पडला तो तेव्हा.

एव्हाना कॉलनीत बातमी पसरली होती, की भामरेंना सरकारने सायकलीवर काहीतरी लिहायला सांगितलंय. संध्याकाळी फाटकाशी लोक थांबू लागले. कोणी म्हणालं बायकांना तीनचाकी द्या. कोणी म्हणालं घोडे द्या, घोड्याला आपोआप गिअर असतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांच्या काळी ते पारोळ्याहून धुळ्याला बिनगिअरच्या सायकलवर बी.एड.ला कसे जात, हे मला इतक्या तपशिलात सांगितलं, की त्यांचं सगळं बी.एड. माझंही झालं.

दुसरा अभिप्राय मी सात पानी दिला. त्यावर साहेब खूष झाले आणि त्यांनी आणखी एक वाक्य लिहिलं: तिन्ही प्रकारच्या सायकलींची प्रत्यक्ष चढावर तुलनात्मक चाचणी घ्यावी. ठिकाण म्हणून पिंपळनेरच्या पुढचं एक उपकेंद्र ठरलं. तिथून वरच्या तीन पाड्यांना जाणारी वाट सगळ्यात खडी आहे, असं तिथल्या औषधवाल्या बाईंनी, बुधीबाईंनी, एकदा अर्जात लिहिलं होतं. त्या अर्जाला उत्तर गेलं नव्हतं, पण तो सांभाळून ठेवलेला होता.

दौऱ्याच्या नमुन्यात ‘प्रवासाचे वाहन’ असा रकाना आहे. मी ‘टेम्पो, व त्यात तीन सायकली’ असं लिहिलं. आस्थापना शाखेने विचारलं, की एका कर्मचाऱ्याला चार वाहनं कशासाठी. मी खुलासा दिला, की सायकली वाहन म्हणून नसून साहित्य म्हणून नेत आहे. मग साहित्याची यादी करा म्हणाले. यादीत तिन्ही सायकली आल्या, माझी स्वतःचीसुद्धा, आणि प्रत्येकीपुढे ‘चाचणी साहित्य’ असं लिहून खाली माझी सही घेतली. त्या सहीकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. माणूस आपल्या हाताने काय काय करून बसतो ते त्याला त्या वेळी दिसत असतं तर बरं झालं असतं.

अभयकुमारांनी सायकल दिली, पण मुलगी सासरी पाठवावी तशी दिली. चाकांना कापड गुंडाळलं, गिअरला वेगळी पिशवी घातली. टेम्पो आदल्या दिवशी केळी वाहणारा होता हे मी त्यांना सांगितलं नाही. धुळे येईपर्यंत त्या कापडावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले होते, आणि चिकाचा डाग जळगावात जन्मलेल्या माणसाला सांगायला नको.

साक्रीच्या पुढे एका नाक्यावर टेम्पो अडवला. तिथल्या शिपायाला दोन सायकलींबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिसरीला बटणं आहेत आणि वायर नाही, हे त्याला पटेना. विजेवर चालत असेल तर कागद दाखवा म्हणाला. मी त्याला सावकाश, सगळं ज्ञान वापरून समजावलं, की वीज फक्त गिअर बदलायला लागते, चालवायचं पायानेच. मग बॅटरी कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी पिशवी काढली आणि बोट दाखवलं. तिथे बॅटरीची जागा होती. बॅटरी नव्हती.

मी तिथूनच अभयकुमारांना फोन लावला. बघून येतो म्हणाले. मग त्यांचा उत्साही आवाज आला, “चार्जरवरच आहे भाऊ. पण फुल आहे. हिरवा दिवा लागलाय.”

शिपायाने नोंदवहीत लिहिलं: सायकली तीन, पैकी एक संशयित. आणि आम्हाला सोडलं.

उपकेंद्रावर पंधरा-वीस माणसं जमली होती. बुधीबाई पुढे होत्या. चाळिशीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला आणि खांद्यावर औषधाची पिशवी, कारण त्यांना तसंही वर जायचं होतंच. त्यांनी लहानपणी भावाच्या सायकलवर हात बसवला होता. मी परत जायला हवं होतं. पण चाचणीच्या तक्त्यात तीन रकाने होते आणि एक कोरा ठेवायची सोय नव्हती. बॅटरी नसेल तर नसेल, सायकल आहे त्या गिअरवर चालेलच की, असा मी विचार केला. ती सगळ्यात जड गिअरवर अडकलेली होती, कारण अभयकुमार आदल्या दिवशी उतारावरून जोरात घरी आले होते. आधी आपण स्वतः चालवून दाखवावं, म्हणजे लोकांना विश्वास वाटेल, हाही विचार माझाच.

पहिले पंधरा फूट मी गेलो. पुढचे पाच फूट कसा गेलो ते आठवत नाही. मग पायडल खाली जाईना आणि पाय वर येईना. उभ्या सायकलवर माणूस किती वेळ तोल सांभाळू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं: समोर बघणारी बाई तोंडाला पदर लावेपर्यंत. मी डाव्या अंगाला घाणेरीच्या झुडपात गेलो, सायकल माझ्यावर आली आणि तिचा तो विचारापेक्षा वेगवान गिअर दगडावर आपटून आतल्या बाजूला वळला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. दोन माणसांनी मला काट्यांतून काढलं आणि एका म्हातारीने माझ्या शर्टाची गुंडी लावून दिली.

मग बुधीबाईंनी नानांची काळी सायकल घेतली. दोन तृतीयांश चढ त्या बसून गेल्या, उरलेला ढकलत. मग माझी. दांडी कशी ढकलायची ते मी दाखवलं, सपाटीवर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला डोळे हँडलवरून निघाले आणि त्या चढाला लागल्या. पुढच्या वळणावर दिसल्या, त्याच्या पुढच्या वळणावरही बसलेल्याच दिसल्या, आणि मग दिसेनाशा झाल्या. तास गेला. मला सायकलची काळजी वाटू लागली. खरं सांगायचं तर बाईंच्या आधी सायकलची. सव्वा तासाने त्या खाली आल्या. पिशवी रिकामी होती. तिन्ही पाड्यांवरची औषधं वाटून, तापाच्या दोघांचं रक्त घेऊन आल्या होत्या. एरवी याला दुपार टळते, असं उपकेंद्रातली नर्स म्हणाली.

बुधीबाईंनी सायकल स्टँडला लावली, त्या दांडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई ढकली का डोंगर खाले बसस.”

मी ते टिपणीत घेतलं. ‘साध्या दांडीच्या गिअरमुळे चढ सुसह्य होतो, असे लाभार्थीचे मत आहे.’ मला त्या दिवशी, अंगात अकरा काटे असताना, नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी खरं करून दाखवल्यासारखं वाटत होतं. परतताना धुळ्याच्या भांडारात थांबलो. चाचणी साहित्य आधी भांडारात दाखवावं लागतं, असं यादीच्या तळाशी लिहिलेलं होतं. भांडारपालांनी यादी वाचली. अभयकुमारांची सायकल खासगी मालकीची, उसनी, म्हणून सुटली. नानांची सुटली. माझ्या सायकलीपुढे मात्र मालक म्हणून जे नाव होतं ते कर्मचाऱ्याचं होतं आणि सहीही त्याचीच होती, म्हणजे ती कार्यालयाने सादर केलेला नमुना ठरत होती. आणि ज्या नमुन्याची शिफारस होणार तो निर्णय होईपर्यंत सीलबंद ठेवायचा असतो. त्यांनी माझ्या समोर तिला सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतली आणि मला पोच दिली. मी बोललो. बराच वेळ बोललो. ते शांतपणे म्हणाले, “निर्णय झाला की घेऊन जा, भामरे. चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे.”

त्याला आता नऊ महिने झाले.

घरी आल्यावर ज्योत्स्नाने चिमट्याने काटे काढले. सायकल कुठे आहे हे तिने सातव्या काट्याला विचारलं. त्यानंतरचे चार तिने जरा खोलवर शोधले. अभयकुमार वाकलेल्या गिअरबद्दल एक शब्द बोलले नाहीत. नवा भाग परदेशातून मागवला, आणि तेव्हापासून माझ्याशी दुसऱ्याही कुठल्या विषयावर बोलले नाहीत. त्यांच्या दिवाणखान्यात चटईवर ती सायकल अजून उभी आहे आणि तिच्या कापडावर केळीचे डाग आहेत.

माझा अकरा पानी अहवाल वर गेला आणि साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी तो पहिल्यापासून वाचला. मग शेरे सुरू झाले. बुधीबाई या तांत्रिक तज्ज्ञ आहेत काय. चढ किती अंशाचा, आणि तो कोणी मोजला. बांधकामवाल्यांना पत्र पाठवलं. त्यांनी कळवलं, की सदर वाट त्यांच्या नोंदीत रस्ता म्हणून नसल्याने तिला चढ असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हे पत्र मी फाईलला लावलं आणि त्या दिवशी ऑफिसातून घरी चालत येताना पुलावर थोडा वेळ थांबून राहिलो.

महिन्यातून एकदा बुधीबाईंचा फोन यायचा. पाड्याच्या वर एका खडकावर चढलं की रेंज मिळते, तिथून करायच्या. तक्रार नसायची. सायकल कधी येईल तेवढं विचारायच्या, आणि मी प्रक्रिया चालू आहे म्हणून सांगायचो. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, की प्रक्रिया म्हणजे कोण.

फेब्रुवारीत लेखा शाखेने शोध लावला, की धुळ्याच्या भांडारात चाळीस सायकली आधीपासूनच आहेत. कोणत्या तरी जुन्या योजनेत आलेल्या, बिनगिअरच्या, टायर विरलेल्या. पण नोंदवहीत चाळीस. सायकली असताना सायकली घेता येणार नाहीत. मात्र ‘आधुनिकीकरण’ या शीर्षाखाली तरतूद होती आणि ती मार्चअखेर परत जाणार होती. आहे त्या सायकलींना गिअर बसवले तर ते आधुनिकीकरण होतं. आणि दांडीचे गिअर आधुनिक म्हणता येत नाहीत. माझ्याच दुसऱ्या अभिप्रायात, पान चारवर, ‘बटणाची पद्धत ही सर्वात आधुनिक होय’ असं वाक्य होतं. ते मी अभयकुमारांच्या चहाखातर लिहिलं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस खोकी आली. प्रत्येकात एक बटणाचा गिअर, एक बॅटरी, एक चार्जर आणि अनेक भाषांतली माहितीपुस्तिका, ज्यांत मराठी नव्हती. मी झुलालनानांना धुळ्याला घेऊन गेलो. त्यांनी भांडारातली एक सायकल उलटी केली, खोकं उघडलं, गिअर हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि कौतुकाने मान हलवली. ही वस्तू चांगली आहे, म्हणाले; फक्त ही अडकवायला त्या सायकलला जागा नाही, चाकाच्या मधोमधचा तुंबा वेगळा, चकत्या वेगळ्या, चेन वेगळी. सगळं बदललं तर बसेल. मग सायकलचं काय राहील, असं मी विचारलं. “घंटी राही,” नाना म्हणाले.

हे मी लेखी कळवलं. उत्तर आलं, की बसवणे हा स्वतंत्र विषय असून तूर्त वाटप पूर्ण करून लाभार्थींच्या पोचपावत्या सादर कराव्यात. आणि माझ्या सीलबंद सायकलीबद्दल विचारलं तर कळलं, की नमुना दांडीचा आणि खरेदी बटणाची, अशी विसंगती निघाल्यामुळे तिच्यावर आता लेखापरीक्षणाचा आक्षेप आहे. तिला सोडवायला गेलो असतो तर मी आक्षेप मान्य केल्यासारखं झालं असतं. दुसरी सायकल घ्यायचं मी घरात बोलून पाहिलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी एसटीने पिंपळनेरला गेलो. मांडीवर खोकं. बाकीची एकोणचाळीस मी टपालाने पाठवली होती, पण बुधीबाईंना ते खोकं टपालाने पाठवायचा मला धीर झाला नाही. सकाळी दहाला उपकेंद्रावर पोचलो. त्या निघायच्या तयारीत होत्या. पाड्यांवर तापाची साथ होती आणि शेजारच्या भागातली बाई बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून त्यांच्याकडे दोन पिशव्या होत्या.

त्यांनी खोकं उघडलं. गिअर बाहेर काढला, उलटासुलटा केला, बोटाने त्याची लहान चाकं फिरवून पाहिली. मग खोक्यात पुन्हा आत पाहिलं, खाली पुस्तिकेच्याही खाली. मग दाराबाहेर पाहिलं.

“साहेब, सायकल कोठे शे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, साहेबांची बदली, चाळीस सायकली, शीर्ष, पान चार. पहिल्यांदाच मी कोणाला हे सलग सांगत होतो आणि सांगताना माझ्याच लक्षात येत होतं, की यात कुठेही कोणी लबाडी केलेली नाही. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलेलं आहे. हे कळल्यावर मला जास्तच खचल्यासारखं झालं. लबाडी असती तर कोणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

मी पोचपावती पुढे केली, तर बुधीबाईंनी ठळक अक्षरात पूर्ण नावाची सही केली. गिअर परत खोक्यात ठेवला आणि खोकं औषधाच्या कपाटावर, उंच, हात न लागेल असं सरकवून दिलं. मग दोन्ही पिशव्या उचलल्या. एक या खांद्यावर, एक त्या.

मी एक पिशवी मागितली. त्या नको म्हणाल्या, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दिली.

ती वाट मी वीस फूट सायकलवर गेलेलो होतो, त्यामुळे मला ती माहीत आहे असं वाटत होतं. तीन पाड्यांची मिळून ती अडीच कोस निघाली. पहिल्या वळणाला मी घामाने भिजलो, दुसऱ्याला चष्मा काढून खिशात ठेवला, तिसऱ्याला बसलो. बुधीबाई पुढे जाऊन थांबायच्या, मी दिसलो की पुन्हा निघायच्या. आठवड्यातून चार वेळा ही बाई हे करते. मी नऊ महिने हे कागदावर केलं होतं, एकूण एकोणीस पानं, आणि त्यातल्या एकाही पानावर पिशवीचा पट्टा खांद्याला कापतो असं लिहिलेलं नव्हतं.

वरच्या पाड्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. एका घराच्या ओट्यावर पाच-सात जण बसले होते, दोन पोरं पांघरुणात होती. मी पिशवी उतरवली आणि खांब धरून उभा राहिलो. बोलण्याइतका श्वास नव्हता. एका म्हाताऱ्या आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हा कोण म्हणून विचारलं.

बुधीबाई गोळ्या मोजत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, “हाऊ सायकलवाला साहेब शे.”

मग ओट्यावरचे सगळे जण जरा वाकले आणि माझ्या मागे वाटेकडे पाहू लागले. पांघरुणातलं एक पोरही उठून बसलं. ते सगळे बराच वेळ तसेच पाहत राहिले, म्हणून शेवटी मीसुद्धा मागे वळून पाहिलं.